सातवी मिरची

महदिया, सप्टेंबरचा शेवटचा आठवडा

आदरणीय आसिया आक्का,

धाकट्या भावाचा सलाम घे, आणि त्यातला थोडाथोडा मुनीरला, सूनबाईंना आणि तुमच्या त्या अखंड ओरडणाऱ्या कनारी पक्ष्यालाही वाटून दे. तुझा रक्तदाब आता खाली आला असेल. खारवलेली लिंबं तू खरोखर सोडलीस, की फक्त डॉक्टरांसमोर सोडलीस, ते एकदा मला खरं कळव. माझं म्हणशील तर माझा गुडघा सकाळी माझं अजिबात ऐकत नाही, दुपारी थोडं ऐकतो, आणि संध्याकाळी मात्र माझ्याआधी उठून दाराशी जातो. तो कुठे जायला निघतो, ते पुढे येईलच.

तुझं मागचं पत्र उशाखाली आहे. ‘झाडांवरचे जैतून उतरवायच्या आत ठरव. एकतर बिझर्टला येऊन मुनीरच्या मागच्या खोलीत राहा, नाहीतर घरात बोलायला कोणी माणूस आण. रेडिओशी भांडणारा भाऊ मला नको,’ असं तू लिहिलंस. मी डोळे मिटून ती खोली आठवून पाहिली. स्वच्छ आहे, खिडकीतून कालवा दिसतो. पण एकाहत्तराव्या वर्षी रोजचा समुद्र सोडून कालवा बघायला शिकायचं म्हणजे पुन्हा पहिलीत जाऊन बसण्यासारखं आहे. (पहिलीत पुन्हा बसायला माझी हरकत नाही म्हणा, पण ते बाक आता राहिले नाहीत.) या विषयाकडे शेवटी येतो. आधी टीव्हीवरच्या त्या वादाचं सांगतो, कारण त्या वादापायी माझी खुर्ची गेली. निवडणुकीची नव्हे, सलूहाच्या माहेरून आलेली, वेताच्या बैठकीची.

तुम्हीही तो वाद पाहिलाच असेल. दोन उमेदवार समोरासमोर उभे, काचेच्या वाडग्यातून प्रश्नाची चिठ्ठी निघायची आणि उत्तराला दीड मिनिट. एका बाजूला आपल्या न्यायाधीशबाई, दुसऱ्या बाजूला ते तेलाच्या घाण्यांचे मालक, ज्यांना इथे सगळे तेलवाले म्हणतात. आमच्या गल्लीत वाद बघायची जागा म्हणजे लल्ला दुजाचं अंगण. (दुजा तुला आठवेल, मानाने सगळे तिला लल्ला म्हणतात. बोटीवाल्या कप्तान सालिमची बायको. कप्तान जाऊन नऊ वर्षं झाली. माझी सलूहा गेली तेव्हा चाळिसाव्या दिवशी हिने पाठवलेला कुसकुस तू दोनदा वाढून घेतला होतास.) तिचा भाऊ सी खमैस, आपला न्हावी, याने टीव्ही उचलून अंगणात लिंबाच्या झाडाखाली ठेवला, म्हणून गल्लीतली सगळी माणसं तिथे. आपापली खुर्ची आणायची, असा नियम. दुसरा नियम असा की तिच्या अंगणात रिकाम्या हाताने टीव्ही बघायचा नाही. दिवस लाल मिरचीचे. प्रत्येकाच्या मांडीवर एक सुरी आणि एक परात: मिरची चिरायची, बी काढायचं, दोऱ्यात ओवायची. अशा रीतीने देशाचं भवितव्य ठरेपर्यंत तिची वर्षभराची हरिसाची चटणी तयार होते.

तिसरा नियम तिने त्याच संध्याकाळी काढला. प्रत्येक उत्तरावर सी खमैस उत्तरापेक्षा लांब बोलायला लागला, तेव्हा ती म्हणाली, टीव्हीवाल्यांना घड्याळ आहे, इथे मी आहे. माझ्या सात मिरच्या चिरून होईपर्यंत बोला, आठवीला तोंड बंद. आक्का, तिची सुरी तू पाहिली नाहीस. सात मिरच्या म्हणजे आपल्या लहानपणी अब्बा घसा साफ करायचे, तेवढा वेळ. दाई हबीबाला तर ‘माझ्या मते’ इतकंच बोलता आलं. लल्ला दुजा स्वतः न्यायाधीशबाईंच्या बाजूची, आणि उगाच नाही. समुद्रात गेलेल्या कोळ्यांच्या विधवांचं पेन्शन आठ वर्षं अडलं होतं, ते या बाईंनी एका सकाळी मोकळं केलं. बाईंचा फोटो तिच्या स्वयंपाकघरात कप्तानांच्या शेजारी लावलेला आहे, आणि खरं सांगायचं तर कप्तानांच्या फोटोपेक्षा त्यावरची धूळ जास्त वेळा पुसली जाते.

आता माझी चूक. वाडग्यातून चिठ्ठी निघाली ती पाण्याची. खेड्यांतल्या विहिरी आटल्या, तुम्ही काय करणार? तेलवाले गालात हसले आणि त्यांनी, आक्का, चौथीच्या पुस्तकातली कविता म्हणायला घेतली. ‘पाकोळी ग पाकोळी, समुद्र ओलांडून आलीस.’ झालं. माझ्यासमोरून अंगण गेलं, टीव्ही गेला, मिरच्या गेल्या. मी आपल्या शाळेच्या तिसऱ्या बाकावर होतो. खिडकीच्या गजांमधून उन्हाच्या पट्ट्या माझ्या पाटीवर आडव्या पडल्या होत्या, शाईच्या दौतीत एक माशी पोहत होती, आणि मास्तर पट्टीने आकाश दाखवत होते, जणू ती पाकोळी नुकतीच त्यांच्या परवानगीने आत आली आहे. छत्तीस वर्षं मी टपालाच्या खिडकीत बसून दुसऱ्यांच्या पत्रांवर शिक्के मारले, पण शिक्का मारताना ठेका याच कवितेचा असायचा. आणि इकडे तेलवाले अडकले. दुसरी ओळ येईना. पडद्यावर घड्याळ पळतंय, माणूस ओठ हलवतोय, आवाज नाही. सगळा देश त्याच्या विहिरीत वाकून बघतोय आणि आत पाणी नाही.

मी उभा राहिलो. हातात सुरी, मांडीवरची परात खाली. आणि मी म्हणालो, अगदी चौथीतल्या आवाजात म्हणालो:

‘विहिरीवरची दोरी पुसते, पाणी कोणासाठी काढू?’

त्याबरोबर डोळ्यांत पाणी आलं, आणि ते मी पुसलं. मिरचीच्या हाताने.

पुढचं मला दिसलं नाही, ऐकूच आलं. सी खमैस मला सावरायला धावला आणि त्याने आपल्या बोटांनी माझे डोळे पुसले, मग त्या धांदलीत स्वतःचेही. दाई हबीबा आम्हा दोघांकडे बघून हसत सुटली आणि हसून आलेलं पाणी तिनेही हातानेच टिपलं. (बाळंतपणं करणारी बाई, हात धुण्यावर सगळ्या गावाला व्याख्यान देणारी.) अर्ध्या मिनिटात अंगण रडत होतं. फक्त लल्ला दुजाचे डोळे कोरडे होते. आणि त्या गोंधळात, परातीच्या पलीकडून, कोणीतरी अगदी हळू तिसरी ओळ म्हटली: ‘काढ म्हणावं एक घडा, वाटेत कोणीतरी आहे.’

मी लगेच डोळे उघडले, पण आगीशिवाय काही दिसलं नाही.

उकाड्यामुळे दार सताड उघडं होतं आणि समोर कॉफीहाऊस. तिथल्या लोकांनी काय पाहिलं? पडद्यावर तेलवाले, आणि न्यायाधीशबाईंच्या बालेकिल्ल्यात माणसं ढसाढसा रडताहेत. सकाळपर्यंत बंदरावर बातमी होती की लल्ला दुजाचं अंगण फिरलं. मासळीच्या लिलावात तिला एकाने विचारलं, लल्ला, हुंदके आवरले का? दुपारी तेलवाल्यांचा इथला माणूस आला, छाती पुढे, मागे फोटोवाला, हातात तेलाचा पाच लिटरचा डबा. या घराच्या अश्रूंबद्दल साहेब ऋणी आहेत, म्हणाला. तिने काय उत्तर दिलं ते सी खमैस मला सांगत नाही, पण फोटोवाला पळताना लिंबाच्या फांदीवर आपटला. संध्याकाळी माझ्या दाराशी दोन वस्तू आल्या: तो तेलाचा डबा आणि माझी खुर्ची. सोबत निरोप, रागातही मानाचं ‘सी’ लावून: ‘सी तिजानी, तुमच्या रडण्याचं बक्षीस पाठवलं आहे. खुर्ची आता तेलवाल्यांच्या अंगणात टाका.’

आक्का, खुर्ची परत येणं म्हणजे काय, ते तुला सांगायला नको. तीन संध्याकाळी मी ती खिडकीशी ठेवून बसलो. गुडघा वेळेवर तयार व्हायचा आणि मी त्याला म्हणायचो, बस, आपल्याला कुठे जायचं नाही. अंगणातला टीव्ही भिंतीवरून ऐकू यायचा, हसणं यायचं, मिरचीचा वास यायचा. मी तुझ्या त्या मागच्या खोलीचा विचार करू लागलो. तिथे खुर्ची कुठे मावेल, हेही मोजलं.

एकट्या बाईच्या दाराशी मी एकटा कसा जाणार? म्हणून चौथ्या दिवशी दाढीला गेलो. (एका आठवड्यात तिसऱ्यांदा. गाल आता साबणालाच घाबरतात.) सी खमैसने वस्तरा गळ्यावर असतानाच बहिणीची अट सांगितली: शुक्रवारी दुसरा वाद आहे. त्यांनी सगळ्यांसमोर सांगावं, कोणासाठी रडले ते. मग खुर्चीचं बघू. तो स्वतः म्हणाला, सरळ मिरचीवर ढकल. मिरची कोणाच्या पक्षाची नसते. मला ते पटलं. रात्री मी मिरचीवर चांगलं अडीच पानांचं भाषण लिहिलं.

शुक्रवारी मी खुर्ची घेऊन उंबऱ्यातच उभा राहिलो. टीव्ही लागला होता, उमेदवार येऊन उभे होते, पण अंगणातल्या कोणीही तिकडे बघत नव्हतं. लल्ला दुजाने मान वर केली नाही. परात पुढे ओढली, सुरी घेतली.

‘सात मिरच्या,’ ती म्हणाली.

पहिल्या दोन मिरच्या कागद उलगडण्यात गेल्या. तिसरीला दिसलं की मी वाण्याची यादी आणली आहे. चौथीला सी खमैस खोकून ‘मिरची, मिरची’ असं सुचवत होता. आणि पाचवीला, देव जाणे कसं, मी खरं बोलून गेलो.

‘तेलवाल्यांसाठी नाही रडलो. मिरचीने डोळे नंतर झोंबले, पाणी आधीच आलं होतं. सहा वर्षं झाली, घरात मी कवितेची एक ओळ म्हटली तर पुढची म्हणायला कोणी नाही. मीच म्हणतो आणि मीच गप्प होतो. त्या संध्याकाळी मी दुसरी म्हटली आणि या अंगणातून कोणीतरी तिसरी म्हटली. कोणी, ते मी विचारत नाही. पण ती ऐकल्यापासून मला घरी नीट बसवत नाही.’

‘मी नव्हतो,’ सी खमैस म्हणाला. ‘मी तिसरीतून शाळा सोडली.’

दाई हबीबाने त्याला कोपराने ढोसलं. मी थांबलो, कारण वेळ संपला असणार असं वाटलं. तिच्या सुरीच्या हिशोबाने तर तो केव्हाच संपायला हवा होता. पण आठवी मिरची काही आली नाही. मी बघितलं, तर लल्ला दुजाच्या हातात सातवी मिरची अख्खी होती. सुरी तिच्यावर टेकवलेली, आणि टेकवलेलीच.

‘लल्ला, ती सातवी?’ दाई हबीबाने विचारलं.

‘ही किडकी आहे,’ ती म्हणाली. ‘सी तिजानी, दारात वारा अडतोय. खुर्ची आत घ्या.’

मी खुर्ची आत घेतली. त्या संध्याकाळी कोण जिंकलं ते मला विचारू नकोस. मी त्या मिरचीकडे बघत होतो. ती लाल होती, गुळगुळीत होती, आणि सालिम कप्तानांच्या बोटीइतकी धडधाकट होती.

सर्वांना आशीर्वाद आणि सलाम. लिंबं खाऊ नकोस.

तुझा भाऊ,
तिजानी

ता. क. आपल्याकडे मागणी घालायला घरातलं बाईमाणूस लागतं, आणि मला तुझ्याशिवाय कोणी नाही. पुढच्या गुरुवारी सकाळची बस पकड. काळा सफसारी पांघरू नकोस, पांढरा पांघर. येताना मिठाई आण. तेल आणू नकोस, कोणत्याही निमित्ताने आणू नकोस.

ता. क. २. लल्ला दुजाला या पत्राची कल्पना नाही. सी खमैसलाही नाही. दाई हबीबाला मी सांगितलं नाही, पण काल तिने मला बाजारात तुझी बस किती वाजता पोचते ते विचारलं.

ता. क. ३. वरचं सगळं ठरल्यासारखं वाटत असलं, तरी मुनीरला सांग, ती मागची खोली गुरुवारपर्यंत कोणाला देऊ नकोस. आणि खिडकीपासून भिंतीपर्यंतचं अंतर एकदा मोजून ठेव. तिकडे यायची वेळ आलीच, तर दोन खुर्च्या लागणार नाहीत, एकीचंच माप घे.