आमच्या दारावरून पुढे

मी, आर्सेली तुमुलाक, राहणार सितियो मालिनाव, गेल्या महिन्यात अठरा वर्षं पूर्ण केलेली, धंदा पुसो विणण्याचा, हे माझं मृत्युपत्र माझ्याच हातानं लिहिते आहे. कापितान म्हणाला की सगळं स्वतःच्या अक्षरात पाहिजे. माझं अक्षर सातवीत थांबलंय, ते तसंच चालवून घ्यावं. डोकं ठिकाणावर आहे. बिघाड हृदयाच्या झडपेत आहे, आणि सेबूच्या डॉक्टरीणबाई म्हणाल्या की त्याचा डोक्याशी काही संबंध नाही. मला कोणी भरीस घातलेलं नाही. उलट नानाय, म्हणजे माझी आई, सकाळपासून हा कागद लपवायला बघते आहे. तिला वाटतं, लिहिलं की तसंच होतं.

सोमवारी बोट आहे. गुरुवारी ऑपरेशन.

आमच्या वस्तीचा प्रमुख म्हणजे कापितान. त्याच्याकडे मी नमुना मागायला गेले, तर तो केस कापून घेत बसला होता.

"घर आहे का तुझ्या नावावर?"

मी मान हलवली, नाही.

"जमीन? होडी? डुक्कर तरी?"

"नाही."

"मग लिहिणार काय तू?"

"आहे थोडं," मी म्हटलं. त्यानं त्याच्या काकाच्या मृत्युपत्राची नक्कल दिली. त्यात नारळाची झाडं एकेक करून लिहिलेली आहेत. माझं इतकं लांबणार नाही.

पहिलं कलम, घराबद्दल. घर नानायचं आहे. माझा आहे तो खिडकीकडचा कोपरा आणि बांबूची बाज. बाज नानायनं घ्यावी, तिची कंबर दुखते आणि ती कबूल करत नाही. कोपऱ्यात कोंबड्या ठेवू नयेत.

दुसरं कलम, हत्यारं. माझी पात्या चिरायची छोटी सुरी, मूठ काळी, आणि पाणी शिंपडायचा ब्रश. सुरी मुळात नानायचीच, दोन्ही तिलाच द्यावं. नारळाच्या कोवळ्या पात्यांची मुठीएवढी थैली विणायची, खानावळवाले तिच्यात तांदूळ भरून उकळतात, तो पुसो. मी सातवीतून घरी बसले तेव्हापासून हेच करते. दहा झाले की एक जुडी बांधायची. मी एका पुसोला एक नमो मारिया म्हणते आणि जुडी बांधताना 'आमच्या बापा' ही प्रार्थना. पाच जुड्या म्हणजे एक रोजरी, एक पूर्ण जपमाळ. मासळीबाजाराजवळ काडीवर भाजलेलं डुकराचं मांस खाणाऱ्या माणसांना ठाऊक नाही की त्यांच्या भाताला किती प्रार्थना गुंडाळलेली आहे. बाराव्या वर्षी डॉक्टर नानायला दाराआड नेऊन काही बोलले होते. मी ते ऐकलं. त्या दिवशी मी ठरवलं की ही जुडी पूर्ण करायची, मग पुढची. तशी सहा वर्षं झाली. देव मला कधी मोठं काही बोलला नाही, पण जुडी अर्धी असताना त्यानं मला कधी उठवलं नाही. बोटीत बसून विणता येतं, म्हणून एक भारा पात्या बरोबर नेणार आहे.

तिसरं कलम, शिल्लक. बिस्किटांच्या डब्यात आहे ती. अर्धी नानायच्या येण्याजाण्याला, अर्धी मारियामातेच्या मूर्तीपुढच्या फुलांना. फुलं प्लास्टिकची घेऊ नयेत.

चौथं, कपडे. सगळे नानायनं तिला वाटेल तसे वाटावेत. फक्त पिवळा फ्रॉक जेनालिनला देऊ नये. तो तिला चांगला दिसेल. मला त्यातच पुरावं.

जेनालिन ही माझी मावसबहीण, तिया म्हणजे मावशी, तिया पुरिंगची मुलगी. शेजारचं घर त्यांचं. ती माझ्याहून तीन महिन्यांनी लहान आहे आणि बाकी सगळ्यात पुढे. शाळेत बाईंनी मला उभं करून वाचायला लावलं, दुसऱ्या ओळीला माझा दम संपला, पोरं हसली. तेव्हा उरलेला धडा जेनालिननं वाचला. बाई म्हणाल्या, "बघ, असं वाचतात." बाईंना मी माफ केलंय. जेनालिनला माफ करायला तिनं काही केलेलंच नाही, तीच अडचण आहे. ती लिटनी, म्हणजे मातेच्या नावांची प्रार्थना, गाते. "पहाटेच्या ताऱ्या" म्हणते, आणि सगळी वस्ती "आम्हांसाठी विनंती कर" म्हणते, तेव्हा माझ्या अंगावर काटा येतो आणि त्याच वेळी मला वाटतं हिचा घसा बसावा. दोन्ही एकदम वाटतं. कितीदा पाप कबूल केलं, तरी जात नाही.

पाचवं कलम हे खरं कलम. ते नीट वाचावं.

आमच्या वस्तीत सत्तावीस घरं आहेत आणि मारियामातेची एक मूर्ती आहे, हातभर उंच, निळ्या झग्यातली. दर रविवारी देवळातल्या मिस्सानंतर ती एका घरातून उठते आणि पुढच्या घरी आठवडाभर राहते. संध्याकाळी सगळे त्या घरी रोजरीला येतात. क्रमाची वही माझ्याकडे असते. मूर्ती उचलायची तर मला धाप लागते, गायचं तर त्याहून जास्त, म्हणून सगळ्यांनी मिळून मला वही दिली. बायका मूर्ती घेऊन निघतात, विचारतात, पुढे कुठे? मी बोट दाखवते. तेवढं काम आहे माझं. आणि नियम असा की मातेला मागे वळवत नाहीत. दारात उभं राहून हाकही मारत नाहीत. दार चुकलं तर फेरी परत येईपर्यंत, म्हणजे अर्धं वर्ष, थांबायचं.

यंदा ईस्टरआधीच्या उपवासकाळाच्या सुरुवातीला माता आमच्या घरी होती. सातही संध्याकाळी जेनालिन आमच्याच घरात, माझ्या कोपऱ्यासमोर उभी राहून गायली. शेवटच्या दिवशी कापितानची बायको नानायला म्हणाली, "भाची म्हणजे देवाचं देणं आहे तुला."

नानाय म्हणाली, "आणि माझी सेली?"

"सेली विणते की."

रविवारी पुढचं घर तिया पुरिंगचं होतं. तिनं टेबलावर पांढरं कापड घातलं होतं, मेणबत्ती लावली होती, गुळातला चिकट भात केला होता. त्याचा वास रस्त्यावर येत होता. ती आणि जेनालिन दारात उभ्या होत्या. बायकांनी विचारलं, पुढे कुठे? मी बोट त्यांच्या दारावरून पुढच्या घराकडे केलं. तीन पावलं गेल्यावर मला पस्तावा झाला. पण मातेला मागे वळवत नाहीत.

तिया पुरिंगला वाटलं, माता तिच्या दारावरून मुद्दाम गेली. घरी दुपारी पत्त्यांचा डाव बसतो म्हणून. सगळ्या वस्तीला तसंच वाटलं. ती सात शुक्रवार देवळाच्या दारापासून वेदीपर्यंत गुडघ्यांवर चालत गेली. मी ते गुडघे बघितले. आणि तिला असंही वाटलं की जेनालिननं काही लपवलंय. तिनं तिला मारलं आणि ईस्टरपर्यंत गाऊ दिलं नाही. पुनरुत्थानाच्या मिस्साला जेनालिन मागच्या बाकावर बसली होती आणि मला बरं वाटलं. मी इथं तेच लिहिते जे झालं.

आज, शनिवारी सकाळी, मी शेजारी गेले. तिया पुरिंग मासे साफ करत होती. बोलायला मला फार वेळ लागला. तिनं घाई केली नाही.

"म्हणजे मातेनं टाळलं नाही," ती म्हणाली. "तू टाळलंस."

"हो."

"मग माझे गुडघे?"

मी खाली पडलेले खवले गोळा करायला लागले.

"बोल की. सात शुक्रवार. फादरसुद्धा म्हणाले, पुरिंग, पुरे आता, फरशी झिजेल."

"चूक झाली, तिया."

तिनं हात धुतले, बराच वेळ धुतले. मग म्हणाली, "माझे पत्ते सुटले त्यात. बावीस वर्षांचे. ते तू सोडवलेस असं समजू नकोस हं. मी तिच्याकडे गेले होते, तुझ्याकडे नाही. ते काही वाया जात नाही." आणि मग तिचा आवाज फिरला. "पण पोरीच्या थोबाडीत दिलेली परत कशी घेऊ, बाळ? ते सांग."

जेनालिन आतून सगळं ऐकत होती. ती बाहेर आली.

"का केलंस?"

"तुझा आवाज."

"काय माझ्या आवाजाला?"

"चांगला आहे."

"हे तोंडावर सांगायचं होतंस ना, मठ्ठ. पाच आठवडे मी घसा मिटून बसले." ती रडली नाही, हसलीही नाही. "मला राग आलाय. गुरुवारपर्यंत जाईल असं वाटत नाही."

"माझाही जाईल असं वाटत नाही," मी म्हटलं.

आता कलम. उद्या, रविवारी, माता परत आमच्या घरी यायची आहे. फेरी बरोबर आली आहे, आणि उद्या मातेचा जन्मदिवसही आहे. मी महिनाभर हे मोजत होते. ऑपरेशनच्या आठवड्यात ती आमच्या घरी असणार, नानाय निघेपर्यंत तिच्यापुढे बसणार, सगळी वस्ती माझ्यासाठी आमच्याच घरात येणार. एकदा तरी सगळे माझ्यासाठी. नानायनं भिंतीला नवा कागद लावलाय. पण एक आठवडा मी ज्यांचा खाल्ला, तो त्यांचा आहे. माझ्या नावावर दुसरं काहीच नाही, ही पाळी आहे. ती मी तिया पुरिंग आणि जेनालिनला देते. हे कलम माझ्या मरणाची वाट बघणार नाही. उद्यापासून लागू.

नानायला सांगितलं तेव्हा ती चुलीपाशी होती.

"ऑपरेशन तुझं आणि माता त्यांच्या घरी? वेड लागलंय का?"

"त्यांची एक राहिली आहे."

"मग त्यांना पुढच्या रविवारी येईलच की. त्यांचीच पाळी आहे. अर्ध्या वर्षात मेलं का कोणी?"

मग तिला कळलं आपण काय बोललो, आणि तिनं कालवणात मीठ दुसऱ्यांदा टाकलं. रात्रीच्या जेवणाला ते तसंच खाल्लं.

इथपर्यंत शनिवारी लिहिलं. पुढचं रविवारी दुपारी लिहिते आहे.

मिस्सा झाला. बायकांनी मूर्ती उचलली. नानाय आधीच घरी जाऊन दारात उभी राहिली होती, मेणबत्ती पेटवून. मला वाटलं होतं ती दार लावून घेईल. आमच्या घरापाशी आल्यावर कापितानच्या बायकोनं विचारलं, "इथंच ना?" तिनं मूर्ती दाराकडे वळवलीसुद्धा होती. माझं हृदय असं धडधडलं की मला वाटलं गुरुवारची गरजच राहणार नाही. मी बोट पुढे केलं.

"सेली, अगं तुमचं घर."

मी बोट तसंच ठेवलं. मग मी बोलले, सगळ्यांसमोर, आणि माझ्या आठवणीत असं मी पहिल्यांदाच केलं. "उपवासकाळात तिया पुरिंगचं दार मी चुकवलं. मातेनं नाही. मी. त्यांच्यात खोट नव्हती." एवढ्यात माझा दम संपला.

नानाय दारातून हलली नाही आणि तिनं हाकही मारली नाही. माता तिच्यासमोरून गेली तेव्हा तिनं मेणबत्तीपुढे हात धरला, वारा होता म्हणून. तिया पुरिंगच्या घरी टेबलावर काहीच तयार नव्हतं. तिनं घाईघाईनं भाताचं पातेलं बाजूला केलं आणि तिथंच मूर्ती ठेवली. तिनं मला जवळ घेतलं नाही. पण सोमवारी बोटीवर येते म्हणाली, नानायबरोबर, कारण नानायला बोट लागते.

मला वाटलं होतं हे केल्यावर छाती हलकी होईल. तसं काही झालेलं नाही. आत्ता शेजारून जेनालिन गाते आहे, बांबूच्या भिंतीतून शब्द न् शब्द येतो आहे, आणि ती "आजाऱ्यांच्या आरोग्या" या ओळीवर थांबली आणि तीच ओळ परत म्हणाली. लिटनीत एक ओळ दोनदा म्हणत नाहीत. ती माझ्यासाठी म्हणाली, हे मला कळतं. तेसुद्धा किती सुंदर म्हणाली, म्हणून जळफळाट होतो. पण मी इकडे "आम्हांसाठी विनंती कर" म्हटलं. दोन्हीदा म्हटलं.

सहावं कलम, वही. मी नसताना वही तिया पुरिंगकडे राहील. कापितान म्हणाला, जेनालिनला दे, ती शिकलेली आहे. जेनालिनकडे आवाज आहे, तेवढं पुरे. तिया पुरिंगनं दारात उभं राहून माता पुढे जाताना बघितलेली आहे. ती कोणाचं दार चुकवणार नाही. पान फाडायचं नाही, चूक झालेली जागा मी खोडलेली नाही, ती तशीच राहू दे.

पाचवं सोडून हे सगळं मी मेले तर. मी परत आले तर वही माझी. तिया पुरिंगला हे आजच सांगितलं आहे, आणि ती बरं म्हणाली आहे, पण मी लिहून ठेवते.

आर्सेली तुमुलाक
(सही माझीच)

साक्षीदार:
बोनिफासियो इनोक, कापितान
रोसेंदा इनोक, त्याची बायको. हिनं सगळं वाचलं, आणि "सेली विणते" असं आपण बोललोच नव्हतो म्हणाली. बोलली होती.
तिया पुरिंगला वही मिळते म्हणून तिची सही चालत नाही, असं कापितान म्हणाला.

सितियो मालिनाव, बोहोल
रविवार, ८ सप्टेंबर २०१९