गुरुदास कंडक्टरची दाढी

आचरा,
१२ नोव्हेंबर २०२४

ती. याकूबचाचांस,
किशोरीचा सा. न. वि. वि.

फोनवर तुम्हाला ऐकू येत नाही. परवा वजीराचाचींशी बोलले, तर त्या म्हणाल्या, त्यांना पत्रच लिही, ते दोनदा वाचतात.

बाबांना अर्धांगाचा झटका येऊन तीन महिने होतील. बोलणं बरंचसं परत आलं आहे, काठी धरून मोरीपर्यंत जातात. उजवा हात मात्र मांडीवर पडून असतो. इतकी वर्षं तुम्ही ड्रायव्हर आणि ते कंडक्टर, एकाच एसटीवर काढलीत. दाढी केल्याशिवाय ते कधी गाडीत चढले नाहीत, हे तुम्हाला मी काय सांगायचं? आता दाढी चांगली बोटभर वाढली आहे. सलूनवाला सर्वेश घरी आला, त्याला हात जोडून परत पाठवलं. अजयदादाने पुण्याहून दाढीचं मशीन पाठवलं, ते खोक्यातच आहे. कुणी भेटायला आलं की भिंतीकडे तोंड करून निजतात. व्यायाम करून घेणाऱ्या बाईंनाही आता नको म्हणतात. मी करू का दाढी, म्हणून विचारलं, तर म्हणाले, हात बरो झालो की माझी मी करतलंय. हात पूर्वीसारखा होणार नाही असं डॉक्टर म्हणाले आहेत. ते मी बाबांना अजून सांगितलेलं नाही.

त्यांचा जुना रेझर, ब्रश, साबणाची वाटी सगळं जागेवर आहे. मला शिकवाल का? मी रेझर कधी हातात धरलेला नाही.

उत्तराकडे डोळे लावून बसलेली,
किशोरी

कणकवली,
१७ नोव्हेंबर २०२४

चि. किशोरीस,
याकूबचाचाच्या पोटभर दुवा.

पत्र दोनदा नाही, चारदा वाचलं. मिठबावला आमची रात्रीच्या वस्तीची गाडी असायची. सकाळी गाडीच्या आरशात दोघांनी दाढी करायची, आणि गरम पाणी तुझा बाप सगळं आधी संपवायचा. हे त्याला मुद्दाम वाचून दाखव.

आता नीट ऐक. आधी एक फुगा फुगव, त्याला फेस लाव आणि फेस रेझरने काढ. फुगा फुटला म्हणजे हात जड आहे. रेझरला त्याचं स्वतःचं वजन पुरतं, आपण दाबायचं नाही. दांडी गालाशी तिरकी धरायची, आणि हात लांबवर ओढायचा नाही, थोडं थोडं जायचं. बोटभर दाढी आधी कात्रीने कमी कर. मग गरम पाण्यात पिळलेला पंचा तोंडावर ठेव, घाई करू नकोस. केस कुठल्या अंगाला वळलेत ते बोटांनी चाचपून बघ. गळ्याखाली ते भलतीकडेच वळतात. ब्लेड नवीन, आणि जवळ तुरटी.

फुगे किती फुटले ते खरं कळव. हसणार नाही.

तुझा,
याकूबचाचा

आचरा,
१ डिसेंबर २०२४

ती. याकूबचाचांस,
सा. न. वि. वि.

सात फुगे फुटले. आठवा टिकला. मग चार दिवस स्वतःच्या पायावर हात बसवला, आणि परवा बाबांना म्हटलं, चाचांनी शिकवलंय. तुमचं नाव ऐकून कसेबसे खुर्चीत बसले. डोळे मिटून घेतले होते, शाळेत सुई टोचायला आल्यावर पोरं मिटतात तसे.

डावा गाल छान झाला. उजव्या गालाची कातडी सैल पडली आहे, तिथे पातं अडकलं. रक्त आलं, आणि रक्त पातळ होण्याच्या गोळ्या चालू असल्यामुळे थांबेना. मी तुरटी दाबून धरली. मला रडू आलं, ते ऐकून त्यांनी डोळे उघडले आणि आरशात पाहिलं. चाचा, त्यांना कळलंच नव्हतं. कापलेलं त्यांना जाणवलंच नाही. डाव्या हाताने गाल चाचपला, बोटावरचं रक्त बघितलं आणि म्हणाले, "ह्यो गाल माझो नाय आता."

अर्धी दाढी तशीच ठेवून उठले. तेव्हापासून दोन वेळचं जेवणही धड नाही. जखम लहान आहे, भरतेय. पण मी हे करायला नको होतं. रेझर कपाटात ठेवून दिला आहे.

चुकलेली,
किशोरी

कणकवली,
५ डिसेंबर २०२४

चि. किशोरीस,
दुवा.

रेझर बाहेर काढ.

तुला एक गोष्ट सांगायची आहे, ती तुझ्या बापालाही ठाऊक नाही. दोन वर्षं झाली, माझे दोन्ही हात थरथरतात. चहाची कपबशी धरवत नाही, रेझर लांबच. माझी दाढी वजीरा करते. फुग्याची युक्ती तिची, तुला लिहिलेलं सगळं तिचं. हे अक्षरही तिचंच आहे. मी सांगतो आणि ती लिहिते. गुरुदासला बघायला मी आलो नाही, ते कान गेले म्हणून नाही. कप धरताना त्याने माझे हात बघू नयेत म्हणून. तो तिथे आजारी आणि मी इथे लाज सांभाळत बसलो.

पहिल्यांदा तिनेही मला कापलं होतं. मी आठ दिवस तिच्याशी बोललो नाही. मग ती म्हणाली, मी तुमचं काही काढून घेत नाही, तुम्हाला जे जमतं ते तुम्ही करा, उरेल ते मी करते. आता पंचा मी पिळतो आणि आरसा मांडीवर धरतो. आरसा हलतो, पण धरतो मीच.

हे पत्र त्याला वाचून दाखव. सगळं.

याकूबचाचा

(किशोरी, सैल कातडी दोन बोटांनी कानाकडे ओढून धर आणि मगच रेझर लाव. हे त्यांना ठाऊक नाही, म्हणून राहिलं. वजीराचाची)

आचरा,
१५ डिसेंबर २०२४

ती. याकूबचाचा आणि ती. वजीराचाचींस,
सा. न. वि. वि.

पत्र वाचून दाखवलं. बाबांनी ते माझ्याकडून घेतलं आणि डाव्या हातात धरून बराच वेळ अक्षराकडे बघत राहिले.

दुसऱ्या दिवशी सकाळी मी डॉक्टर हाताबद्दल काय म्हणाले ते त्यांना सांगितलं. ते म्हणाले, माका म्हायत आसा, तुका सांगूक धीर होईना म्हणून मी विचारलंय नाय. मग खुर्ची दारासमोर खळ्यात मांडायला सांगितली. खोलीत नको म्हणाले, उजेडात कर. मी साबण लावायला गेले, तर हात पुढे केला: "ब्रश माझ्याकडे दी."

डाव्या हाताने वाटीत फेस काढला. अर्धा सदऱ्यावर, थोडा कानात गेला. उजव्या गालावर ब्रश फिरवताना जरा थांबले. मी विचारलं, कळतंय का? नाही म्हणाले, आणि तरी पुरा गाल पांढरा केला. मग मी चाचींनी सांगितल्याप्रमाणे कातडी ओढून धरली. एकदाही लागलं नाही. व्यायामाच्या बाई आल्या, तेव्हा बाबा अजून खळ्यातच बसलेले होते. त्यांनीच बाईंना बसायला सांगितलं.

आता मुख्य बातमी. येत्या रविवारी सकाळच्या गाडीने मी त्यांना घेऊन कणकवलीला येते आहे. चढायला जमेल का, असं मला वाटत होतं. ते म्हणतात, चढान, वेळ लागात इतक्याच. तुमच्या हातांबद्दल एक शब्द बोलले नाहीत. फक्त चाचींना निरोप आहे, जसाच्या तसा लिही म्हणाले:

"वजीरावयनीक सांग, याकूबाची दाढी आयतवारी सकाळी करू नको. माझो डावो हात चलता. साबण त्याका मी लावतलंय."

या पत्राला उत्तर नको, दाराची कडी काढून ठेवा.

तुमची,
किशोरी