बाबांचं बाहेरगाव

३ मार्च
ती. ताईस,
शि. सा. नमस्कार वि. वि.
वर्षभरात तापाने काय काय नेलं ते आज मोजलं: लेकीच्या शाळेचे त्रेचाळीस दिवस, पोहण्याची एक स्पर्धा, तिच्या आईची झोप आणि सहा डॉक्टरांची अक्कल. दर दोन-तीन आठवड्यांनी ताप चढतो, पोट धरून रडते, तिसऱ्या दिवशी उड्या मारते. आता सर्जन म्हणतात, अपेंडिक्स काढू. वीस तारीख दिली आहे.

गॅरेजकडे येणारी गाडी वळणावर असतानाच मी नुसत्या आवाजावरून बिघाड सांगतो. पोरीपुढे मात्र माझे कान बहिरे. एक नक्की, हा माल तिच्या आजोळचा. आपल्या घरात ताप कुणाला ठाऊक? बाबांना अंथरुणावर पडलेलं मी कधी पाहिलं नाही. जेवताना हे बोललो, तेव्हापासून बायको कामापुरतंच बोलते.

लोभ आहेच, त्याला गंज चढू देऊ नकोस.
धाकटा

७ मार्च
चि. धाकट्यास अनेक आशीर्वाद.
ऑपरेशन थांबव! बाबांना पाहिलं नाहीस, कारण तुला दाखवलं नाही. ते 'बाहेरगावी' जायचे, आठवतं? त्यांच्या पुस्तकं बांधायच्या, बाइंडिंगच्या खोलीत, कागदाच्या गठ्ठ्यांमागे, तापाने फणफणत पोट धरून पडलेले असायचे. गिऱ्हाइकांना कळलं तर कामं जातील ही आईला धास्ती. आणि तुला सांगणं म्हणजे दवंडी पिटणं. डबा मी पोचवायचे. त्या दिवसांवर आईने कॅलेंडरात बारीक टिंबं केली आहेत. सात वर्षांची कॅलेंडरं पाठवते. घराण्यात चालत येणारे आजार बघणाऱ्या डॉक्टरांना दाखव. आणि वहिनीची माफी माग.
माया आहे तशीच आहे. कान मात्र भेटीत पिळीन.
ताई

२८ मे
ती. ताईस,
शि. सा. नमस्कार वि. वि.
कॅलेंडरं टेबलावर पसरली आणि डॉक्टरीणबाई खुर्चीतून उठल्याच. म्हणाल्या, असा पुरावा कुणी आणून देत नाही. ऑपरेशन रद्द, रक्ताची जनुक-तपासणी. अंगातली सूज आवरणारं एक जनुक असतं, त्याच्या दोन प्रती. एक बिघडली तरी माणूस ठणठणीत. दोन्ही बिघडल्या की नसत्या वेळी भडका. लेकीच्या दोन्ही बिघडलेल्या निघाल्या. रोज एक गोळी, कायमची. आज सात आठवडे झाले, ताप नाही. काल ती तलावात उतरली, मी काठावर बसून डोळे पुसले.

ताई, आईच्या त्या टिंबांचे आणि तुझ्या डब्याचे उपकार मी कुठे ठेवू? बायकोची माफी मागितली. ती म्हणाली, लेखी दे.

असाच जीव लावत राहा.
धाकटा

ता. क. बायकोने पत्र वाचलं, एक ओळ राहिली म्हणते. बिघडलेल्या दोन प्रतींपैकी एक तिच्याकडून आली, एक माझ्याकडून.