हिरव्या सापाची राख

८ डिसेंबर
पोचलो एकदाचा! होन्डेच्या खोऱ्यात आंबा एवढा लागलाय की वासानंच पोट भरावं. खोलीत मी आणि फुंगाई. आल्या आल्या त्यानं टोमणा मारला, काय रे मुदेन्डा, तुमच्या त्या बिंगा गावात झाडं असतात, की नुसत्या मगरीच? म्हटलं, मगरी तुझ्यापेक्षा कमी खातात. सगळी बाग हसली. तोडणीवरचे म्हातारे सामंगा, त्यांना सगळे सेकुरु म्हणतात, म्हणजे आजोबा. हातात झेला, म्हणजे आंबे तोडायची जाळीची काठी, देऊन म्हणाले, बाळा, घाई करू नकोस. मनात म्हटलं, चार गावांतलं काम सोडून पळालोय मी. इथं टिकायचं.

११ डिसेंबर
सुगरणींच्या घरट्यांखालची फांदी धरायला गेलो, तर फांदीच हलली. हिरवागार साप, हे मोठाले डोळे. बोट चावत राहिला, सोडेचना. झटकून पाडला, फुंगाईनं ठेचला. फारसं दुखलं नाही. सेकुरु म्हणाले, पाखरं खाणारा तो, माणसाला काय करतोय! तरी रीत म्हणून त्याचं डोकं जाळलं. माझी मनगटं, कोपरं, गुडघे, घोटे, सगळ्यांवर पात्यानं बारीक चिरा घेऊन राख चोळली. आता कुठलाच साप तुला शिवायचा नाही म्हणाले. झेला घेऊन परत झाडावर चढलो.

१२ डिसेंबर
चिरा मिटल्याच नाहीत. उठलो तर अंथरूण लाल. डोकं फुटतंय. थुंकीतही रक्त. सेकुरुंनी आणखी राख दाबली, ती वाहून गेली. फुंगाई थट्टा करत नाही.

१२, दुपार
दवाखान्यातली सिस्टर सेकुरुंवर ओरडली, अहो, चिरा कशाला घेतल्यात? विषानं याचं रक्त गोठेना झालंय! या सापावरचं औषध इथं नाही. आधी मुटारेच्या मोठ्या दवाखान्यात न्यायचं, मग औषध जोहान्सबर्गहून यायचं. गाडी उद्या. सेकुरु भिंतीशी बसून रडतायत. म्हटलं, आजोबा, तुमचा दोष नाही. खोटं बोललो. मला जगायचंय. तेवीसच तर –

१३
सगळं पिवळं दिसतंय. भिंत, सिस्टर, हे कागद. नाकातून थांबत नाही. पट्ट्या संपल्या. आठ चिरा – सेकुरु बोटांनी दाबून बसलेत. त्यांना हात दोनच –

फुंगाई धावत आला. ऊठ रे, गाडी आली! सेकुरु बोटं काढायला तयार नाहीत. काढली तर –