तारा खोटं बोलली नाही

शनिवार, ५ डिसेंबर १९८१. सायंकाळी ६ वाजून ४० मिनिटं.

वेळ मुद्दाम लिहितेय. टेलिफोनच्या तक्रार विभागात एकोणतीस वर्षं काढली – वेळ नसलेली तक्रार मी कधी नोंदवून घेतली नाही.

मनोहरनं आठवड्याची सुट्टी काढून आम्हाला म्युनिकहून या डोंगरातल्या गावी आणलं. गुडघाभर बर्फ! आम्ही म्हणजे तो, सून चारुशीला, पाच वर्षांची तारा, मी आणि चारूची आई मैनाबाई. लॉजच्या जेवणघरात सूप पीत होतो. दार धाडकन उघडलं. कापसाची दाढी, उंच टोपी – संत निकोलस! मागे केसाळ कातडी पांघरलेले तीन शिंगवाले, कमरेला घंटा, हातात काटक्यांचे फोक. नाताळाआधीची इथली रीत म्हणे. दाढीवाल्यानं सोनेरी वही उघडली आणि एकेका मुलाला पुढे बोलावलं. तारा हसतच गेली. त्यानं वहीत बघून आवाज चढवला. पोरीचं तोंड एवढंसं झालं. अकरा परके लोक बघत होते!

"काय म्हणतोय तो?" मी चारूला विचारलं.

"खोटं बोलते म्हणाले," चारू ताटाकडे बघत म्हणाली.

"कुठलं खोटं?"

"असंच, बालवाडीतलं काहीतरी. पद्धत आहे आई इथली."

जाता जाता एका शिंगवाल्यानं माझ्या पोटरीवर फोक मारला. मैनाबाईंनी तो हिसकून घेतला – "काहून मारून राहिला गा? बुढी दिसत नाई तुले?" बुढी! मग त्याच्या पाठीवरून हात फिरवून मला म्हणतात, "कातडं खरं हाये वं ईनबाई. शिलाई कच्ची हाये." उमरेडच्या विणकराची लेक, शिंगं विसरून शिलाई बघते.

कॉन्व्हेंटमध्ये सिस्टरांनी सांगितलेला संत निकोलस गरीब मुलींच्या खिडकीतून गुपचूप मोहरा टाकायचा. चहाड्या वाचत नव्हता!

तारा खोटं बोलत नाही. ऑक्टोबरात फुलदाणी फोडली, तर तुकडे स्वतः ओंजळीत घेऊन आली.

रविवार, ६ डिसेंबर.

सकाळपासून एका जागी बसवत नाही. लॉजची पडवी तेवीस पावलांची आहे. दर पाव तासाला चर्चची घंटा. खिडकीतून सगळं पांढरं, डोळे दुखतात.

इथल्या उत्सव समितीला इंग्रजीत पत्र लिहिलं. ताराबद्दल कोणी सांगितलं त्याचं नाव कळवा. मुलीची लेखी माफी मागा. मुदत मंगळवार.

"आई, हे नागपूर नाही," मनोहर.

"म्हणूनच इंग्रजीत लिहिलंय."

"जाऊ दे ना, आई." असं तीनदा म्हणाला. चेहरा खिडकीकडे.

तारा कालपासून माझ्याशी बोलत नाही. सप्टेंबरपासून रोज उठल्या उठल्या माझ्या पांघरुणात शिरायची. आज पडद्यामागे उभी.

घरी असते तर तरातरा सीताबर्डीपर्यंत चालून आले असते. पण घर कुठलं! धंतोलीची भाड्याची जागा ऑगस्टमध्ये सोडली. मनोहर फोनवर म्हणाला होता, "आई, आता इकडे ये. कायमची." कपाट, पलंग, शिवणयंत्र नागपूरबाहेर वाडीच्या एका गोदामात पडलंय, ट्रकांच्या धुरात.

सोमवार, ७ डिसेंबर.

समितीचं उत्तर नाही. मोजे ओले. मैनाबाईंची नऊवारी असो की माझी पाचवारी, बर्फात दोन्ही सारख्याच.

मंगळवार, ८ डिसेंबर.

मुदत संपली. लॉजच्या मालकीणबाईंना गाठलं. तरुणपणी इंग्लंडच्या हॉटेलात होत्या, इंग्रजी बरं बोलतात. समितीत कोण कोण आहे, विचारलं. त्या हसल्या. समिती काय करणार? ती माणसं फक्त वाचतात. मुलाचे गुण-दोष आईवडीलच चिठ्ठीवर लिहून देतात, आदल्या दिवशी, इथेच, या टेबलावर.

बाईंनी खण उघडून चिठ्ठ्यांचा गठ्ठा काढला. तिसरी चिठ्ठी मनोहरच्या अक्षरातली. जर्मन मला येत नाही. अक्षर येतं – पाटीवर मीच गिरवून घेतलं होतं.

वाचून सांगा म्हटलं. त्यांनी वाचलं: तारा गुणी आहे, दात घासते. पण बालवाडीत सगळ्यांना सांगते की आजी आता कायमची आमच्याकडे राहणार. हे खरं नाही. कृपया तिला समज द्यावी.

"किती प्रेमानं लिहिलंय," बाई म्हणाल्या.

मी आभार मानले. मग गावाच्या टोकापर्यंत गेले आणि परत आले. पुन्हा गेले.

बुधवार, ९ डिसेंबर.

आधी मैनाबाईंना विचारलं. त्या टेबलक्लॉथचे धागे मोजत होत्या.

"तुमाले मालूम नाई?" बोट धाग्यावरच राहिलं. "चारूनं तं मले दिवाळीतच सांगतलं. वीस तारखेचं तिकीट हाये वं, आपल्या दोघीचं संगंच. मले वाटलं तुमाले वाईट वाटलं, म्हनून बोलून नाई राहिल्या."

म्हणजे मी सोडून सगळ्यांना ठाऊक होतं. समितीलासुद्धा!

मनोहरला पडवीत उभं केलं.

"सांगणारच होतो, आई. व्हिसा तीनच महिन्यांचा मिळाला. पुढचं फार अवघड आहे. घरही लहान..."

"व्हिसा सप्टेंबरात मिळाला. पासपोर्टही तूच ठेवून घेतलास. सांगणार केव्हा होतास, विमानतळावर?"

"तारानं मनात धरून बसू नये, एवढंच. ती सगळीकडे सांगत सुटली होती. तू गेल्यावर तिला जड गेलं असतं."

"तिला हे कोणी सांगितलं होतं? कायमची म्हणून?"

तो कठड्यावरचा बर्फ बोटानं झाडू लागला.

"तू सांगितलंस. मलाही तूच. आणि खोटारडी ती?"

"हळू बोल ना, लोक आहेत."

"शनिवारी नव्हते?"

गुरुवार, १० डिसेंबर.

जेवायला मी वेगळ्या टेबलावर. बर्फ.

शुक्रवार, ११ डिसेंबर.

तारा आली. पलंगाच्या कडेला बसली, पाय हलवत.

"आज्जी, मी खोटं बोलले?"

नाही म्हणावं तर बाप खोटा. हो म्हणावं – ते तर जिभेवर येईना.

"तुझ्या बाबाकडून लेखी मागवते," म्हटलं.

"लेखी म्हणजे?"

"म्हणजे मग बदलता येत नाही."

तिनं मान हलवली. पांघरुणात मात्र शिरली नाही.

गुरुवार, २४ डिसेंबर. हुडकेश्वर, नागपूर.

मैनाबाईंच्या मुलाचं घर, मागची खोली. "माह्या घरी चाला. खोली रिकामीच हाये," विमानात एवढंच म्हणाल्या. मी नाही म्हणेन असं वाटलं असावं, कारण लगेच डोळे मिटून घेतले.

वाडीहून सामान आलं. मैनाबाई टेम्पोवाल्यावर ओरडत होत्या – "हळू उतरव गा! कोपरा लागला तं ईनबाई तुह्या नावानं कागद लिहीन!"

दुपारी मनोहरची तार. व्हिसाचं जमतंय, मार्चमध्ये ये, या वेळी नक्की कायमची.

पाठवलेल्या पत्राची नक्कल:

चि. मनोहर,

तार मिळाली. मी येणार नाही. मार्चमध्ये नाही, पुढेही नाही. तेव्हा व्हिसाची खटपट थांबव. माझ्या राहण्याचा प्रश्न संपला.

तक्रार संपलेली नाही. दि. ५ डिसेंबर, सायंकाळी ६.४०, अकरा माणसांदेखत ताराला खोटारडी म्हटलं गेलं, तुझ्या सांगण्यावरून. ती खोटं बोलली नव्हती. तू सांगितलेलं तिनं खरं मानलं, एवढंच. हे तू तिला लिहून दे. मला नको, तिला. मराठीत, मोठ्या अक्षरात, खाली सही करून. वाचता येईपर्यंत तिनं ते जपून ठेवावं.

एकतीस जानेवारीच्या आत. तार चालणार नाही.