बिनसुरीचं लग्न

४ फेब्रुवारी

चि. टिकलीस आजीचे आशीर्वाद, वि. वि.

तुझं पत्र पोचलं. एकदा वाचलं आणि पुन्हा वाचलं, कारण पहिल्यांदा वाटलं, डोळ्यांनीच दगा दिला. लग्नात केक नको, कपकेक हवेत म्हणतेस. आपल्या भट्टीतून निम्म्या गावाच्या लग्नांचे तीन मजली केक गेले, आणि घरच्या पोरीच्या लग्नात कागदी कपातला लेकरांचा खाऊ वाटायचा? लोक म्हणतील, म्हातारी थकली आणि सुनेची भट्टी विझली.

आणि सुरीचं काय करायचं? आपला केक कुठंही जाऊ दे, सोबत आपली सुरी जाते आणि पोचवणारा बजावून येतो, की पहिला काप नवरीनं घालायचा, तिच्या हातावर आईचा हात आणि त्यावर बापाचा. हा नियम मी काढला. आता दुसऱ्यांचे केकसुद्धा लोक तसेच कापतात. तुझा बाप दुसरं घर मांडून बसला त्याला अकरा वर्षं झाली, म्हणून काय तुझा केक कापायचा राहील? त्याच्या जागी माझा हात ठेवीन. माझा हात काही हलका नाही, तुझ्या पाठीला माहीत आहे.

हे खूळ तुझ्या नवरदेवाचं, त्या लिफ्टवाल्याचं तर नाही ना? दिवसभर लिफ्ट दुरुस्त करणाऱ्याला मजल्यांचा वीट आला असेल तर तसं सांग, दोन मजल्यांवर भागवू.

तुझ्या आईला विचारलं. तिला हवं ते करू, एवढं बोलून ती परत भट्टीकडे वळली. माझा मुलगा घर सोडून गेल्यापासून ती असंच बोलते, तुला नवीन नाही.

उत्तर पत्रानंच दे. फोनवर मी ओरडते आणि गिऱ्हाइकं पाव घ्यायचा सोडून ऐकत बसतात.

लोभ आहे, सध्या रागाखाली दबलाय.
तुझी आजी


१२ फेब्रुवारी

ती. आजीस टिकलीचा सा. न. वि. वि.

लिफ्टवाल्याला बोल लावू नकोस. त्याला चार मजले हवे होते. खूळ माझंच आहे आणि त्याचं कारण आता लिहिते. वाचून पत्र चुलीत घाल, पण आधी पूर्ण वाच.

बाबा आमच्या चष्म्याच्या दुकानात आले होते. मी इथे काम करते हे त्यांना माहीत नव्हतं. जवळचं दिसत नाही म्हणून आले, आणि समोर मी. मी त्यांना खुर्चीवर बसवलं, अक्षरं वाचायला लावली, नाकावर फ्रेम बसवून पाहिली. मी डोळे उघडा म्हटलं, तर उघडेनात. मग मीच लग्नाचं सांगितलं आणि या म्हटलं.

ते नाही म्हणाले. म्हणाले, केक आला की तुमची सुरी येणार, सुरी आली की आईबापांना हाक मारणार, आणि सगळा हॉल तुझ्या आईकडे बघत बसणार. माझा हात तिच्या हातावर पडण्यापेक्षा ती उठून निघून जाईल आणि तुझा दिवस नासेल. आजी, हे खरं आहे. आईला तू माझ्याहून जास्त ओळखतेस.

तुझा हात चालेल गं मला. पण ते मागे बसलेले असताना तू त्यांच्या जागी हात ठेवलास, तर तेही सगळ्यांना दिसेल.

कपकेकला सुरी लागत नाही. ताटं फिरतील, ज्यानं त्यानं आपला उचलायचा. ते मागे बसतील, एक घेतील आणि जातील. मला दोघं एका टेबलाशी नकोत. एका छताखाली हवीत, एवढा एक दिवस.

आईला सांगायची माझी छाती होत नाही. तू सांगशील? ती नाही म्हणाली, किंवा तू नाही म्हणालीस, तर मी त्यांना येऊ नका म्हणून कळवीन आणि पुन्हा विषय काढणार नाही.

रागाखाली का होईना, लोभ ठेव.
तुझी टिकली


२० फेब्रुवारी

चि. टिकलीस आशीर्वाद, वि. वि.

आधी माझं ऐक. त्याचे कपडे मी माझ्या हातानं दुकानाच्या पायरीवर ठेवले होते आणि आज ठेवायची वेळ आली तरी ठेवीन. पोटचा आहे म्हणून त्याची बाजू घ्यायला मी काही वेडी नाही. ही सून पहाटे उठून माझ्या शेजारी पीठ मळत राहिली, तो नाही. म्हणून तुझं पत्र मी साखरेच्या डब्यामागे सारलं आणि ठरवलं, हे सांगायचंच नाही.

पण रोज तिच्यासमोर उभं राहून गप्प बसणं मला जमत नाही. परवा दुपारी गिऱ्हाईक नव्हतं, सांगून टाकलं. चष्म्याचं सांगितलं, सुरीचं सांगितलं, काही वगळलं नाही.

ती भट्टीसमोर उभी होती. बिस्किटं करपायला लागली तरी तिला कळेना. शेवटी मीच दार उघडून ट्रे ओढला आणि बोट भाजून घेतलं. धूर झाला म्हणून तिनं मागचं दार उघडलं आणि तिथंच उंबऱ्यात पाठमोरी बसली. मला वाटलं, ही आता नाही म्हणणार. खरं सांगते, मला ते हवंच होतं. तुला कसं लिहायचं तेसुद्धा मनात जुळवलं होतं.

बऱ्याच वेळानं उठली, हात धुतले, करपलेला ट्रे खरवडायला घेतला आणि मान खाली घालूनच म्हणाली, "मग एक जास्त करावा लागेल."

तेव्हा कळव त्याला. एकट्यानं यावं, मागे बसावं. मी त्याच्याशी बोलेन अशी आशा धरू नकोस. मी बोलणार नाही.

बोट बरं आहे. लोभ जिथल्या तिथं आहे.
तुझी आजी


२७ फेब्रुवारी

ती. आजीस सा. न. वि. वि.

पत्र बसमध्ये वाचलं आणि माझा थांबा मागे गेला. बाबांना कळवलं आहे. येतो म्हणाले, पण आवाजावरून भरवसा वाटत नाही. तू बोलू नकोस, चालेल. फक्त त्यांना पायरीवर बसवू नकोस.

लिफ्टवाला विचारतो, आजी मला नावानं कधी हाक मारणार. मी म्हटलं, नाव असणारी माणसं आमच्या आजीला आवडत नाहीत.

लग्नात कसं वागायचं ते आईला सांगू नकोस. तिच्या जवळ मात्र राहा.
तुझी टिकली


२३ मार्च

चि. टिकलीस व लिफ्टवाल्यास आजीचे आशीर्वाद, वि. वि.

तू विचारलंस म्हणून लिहिते. लग्नात तुला तुझा बाप दारात दिसला, आणि फोटोवाल्याच्या तावडीतून सुटेस्तोवर त्याची खुर्ची रिकामी झाली. मधलं मी पाहिलं.

तो शेवटच्या रांगेत बसला होता, रिकाम्या खुर्च्यांचा ढीग होता तिथं. तू दिलेला चष्मा होता. केस गेलेत. ताटं फिरवायला आपण माणसं ठेवली होती, पण मागच्या रांगांचं ताट तुझ्या आईनं त्यांच्या हातातून काढून घेतलं. मी उठले आणि भिंतीकडेनं मागे गेले. तू जवळ राहा म्हणाली होतीस.

ती एकेकाला देत देत त्याच्यापर्यंत आली. तो उभा राहिला. तिनं ताट पुढं धरलं, जसं सगळ्यांपुढं धरत होती तसंच. त्याचा हात ताटावर फिरत राहिला, उचलेना. तिनं ताट जरासं वळवलं, कडेचा एक त्याच्या बोटांशी आला, तो त्यानं घेतला. मग ती पुढच्या माणसाकडे गेली. ती रडली नाही, मीही नाही. रडण्याबिडण्याचं वाचायचं असेल तर दुसरी आजी बघ.

मी एक खुर्ची सोडून बसले. तो खाईना. हातात धरून बसला आणि वरचं क्रीम ओघळायला लागलं. आपल्या दुकानाचा माल असा वाया जाताना मला बघवत नाही. शिवाय एक गोष्ट त्याला माहीत नव्हती. आपल्या कपकेकमध्ये बदामाची पूड असतेच, आणि बदामानं त्याचे ओठ सुजतात. पण लग्नाच्या आदल्या दिवशी सगळा माल करताना तुझ्या आईनं बदामाचा डबा उघडलाच नाही. मी पाहिलं होतं, विचारलं नव्हतं.

म्हणून बोलले. "खा. बदाम नाहीत त्यात."

त्यानं माझ्याकडे पाहिलं, मग लांब उभ्या असलेल्या तिच्या पाठीकडे पाहिलं, आणि खाल्ला. भिंतीकडे तोंड करून, सगळा. मग हातातला कागद कुठं टाकावा ते त्याला सुचेना, इकडं तिकडं बघायला लागला. मी हात पुढं केला. त्यानं माझ्या तळहातावर कागद ठेवला आणि हात उचलायला विसरला. मीही आठवण करून दिली नाही.

भट्टी पेटवायची वेळ झाली, तुझी आई हाक मारते आहे. दोघं सांभाळून राहा, आणि लोभ करायचा तो माझ्या देखत करा.

तुझी आजी