ओळीच्या शेवटी तुटणारा आवाज

३ फेब्रुवारी, सोमवार

— ह्यांनी ओवी मोबाईलमध्ये भरली त्या सकाळी पाणी आलं होतं, चार दिवसांनी. आधी पिंप भरलं, मग हंडा, कळशी, अगदी पातेलीसुद्धा. मग तवा ठेवला. कडक भाकरीची ऑर्डर होती. हे आतल्या खोलीत लोखंडी पेटीवर बसले, मोबाईल ज्वारीच्या डब्याला टेकवला आणि म्हणाले, "आता कुणी मधे बोलायचं न्हाय!" घरात बोलायला मी एकटीच. कुकरची शिट्टी झाली. मी भाकरी थापत होते. ह्यांनी बिरोबाची ओवी म्हटली, सासऱ्यांकडून आलेली, अख्खी. एवढंच आठवतं. बाकी रोजच्यासारखी सकाळ. त्याच पावसाळ्यात हे गेले.

आज ती ओवी लॅपटॉपवर लावली तर आवाज तुटतोय!

४ फेब्रुवारी, मंगळवार

नीट लिहून ठेवते, म्हणजे डोकं चालेल.

तेवीस तारखेला गावात बिरोबाची जत्रा. ओव्या म्हणणारी माणसं धाकटे दीर धनाजी भाऊजी गोळा करतात. पुढं गाणारे हे होते. आता पुढं गाणारा कुणी नाही. भाऊजी म्हणाले, "वैनी, दादाची ओवी पडद्यावर लावू. पोरांच्या कानावर पडंल. न्हायतर संपलीच म्हणायची की."

लेक ऋतुजा संक्रांतीला पुण्याहून आली होती. तिचा जुना लॅपटॉप मला देऊन गेली. ह्यांच्या फोनमधला व्हिडिओ तिनं पेनड्राईव्हवर घेतला, जरा साफसूफ केला, सॉफ्टवेअरमध्ये कापायचं कसं, जोडायचं कसं ते शिकवलं. मी फक्त फोटो लावायचे आणि नाव घालायचं.

फोटो लावले. नाव घातलं. नावाआधी 'कै.' टाईप करताना बोट अडलं. मग ऐकलं तर — ओळ संपत आली की आवाज बंद! विहिरीत पडल्यासारखा. पुढची ओळ ठणठणीत, आणि तिच्या शेवटी परत बंद.

असलं तुटकं देवापुढं कसं लावायचं?

६ फेब्रुवारी, गुरुवार

वायर हलवून पाहिली. स्पीकर काढून कानात घालायचं लावलं. लॅपटॉप बंद करून चालू केला. तसंच. फाईल पेनड्राईव्हवरून चालते म्हणून अडकत असेल असं वाटलं. लॅपटॉपमध्येच कॉपी केली. तरी तसंच.

शेजारची निंगव्वा दारात उभी राहून ऐकत होती. म्हणाली, "यव्वा! तुझा नवरा जाऊन बी दिवसभर बोलतोय की. माझा जित्ता हाय, तर तोंड उघडत न्हाय!" दोघी हसलो. ती गेल्यावर घर फारच मोठं वाटलं. दोनच खोल्या आहेत.

९ फेब्रुवारी, रविवार

मोबाईलवर शोधलं. सगळं इंग्रजी. मोबाईलच त्याचं मराठी करून देतो. पान उघडलं तर वर मोठ्या अक्षरात — 'तुमचा आवाज गळून पडत आहे का?'

होय बाबा, पडतोय.

मी दुसरीत शाळा सोडली. वाचायला शिकले ते किराणाच्या पुड्यांच्या कागदांवरून, पुडी सोडली की कागद सपाट करून. अर्धी बातमी मिळायची, उरलेली मनानं लावायची. हे पानही तसंच वाचलं. 'नमुना दर जुळवा' म्हणे. मला आधी साडीचा नमुनाच आठवला! दोनदा वाचल्यावर कळलं, फोनच्या आवाजाचा आकडा वेगळा आणि प्रोजेक्टचा वेगळा असला की आवाज अडखळतो. दोन्ही आकडे सारखे केले.

तिथंच तुटतो. ओळीच्या शेवटी.

११ फेब्रुवारी, मंगळवार

पानावरची पुढची पायरी — लॅपटॉपची 'तात्पुरती साठवण' पुसली. काही फरक नाही.

१४ फेब्रुवारी, शुक्रवार

सगळ्या पायऱ्या केल्या असं मी म्हणते, पण खरं नाही. पानावरची पहिलीच पायरी मी सोडून दिली आहे. 'ज्या उपकरणावर मुद्रण केले त्यावर मूळ आवाज ऐका.'

ह्यांचा फोन कपाटात आहे, टॉवेलात गुंडाळलेला. संक्रांतीला ऋतुजानं तो चालू केला तेव्हा मी मोरीत भांडी घासत बसले होते, नळ मुद्दाम मोठा सोडून.

लॅपटॉपवरचा आवाज सोसतो. तो दुसरीकडून आल्यासारखा वाटतो. फोन ह्यांच्या हातातला. मागच्या कव्हरला अंगठ्यानं झिजून खड्डा पडलाय.

१६ फेब्रुवारी, रविवार

फोन चार्जिंगला लावला. लावून भाकरीचं पीठ मळलं, तिंबलं, पुन्हा तिंबलं. मग बसले.

मूळ आवाज तुटलेला नाही!

हे म्हणतात, "मेंढका निघाला माळाला —" आणि थांबतात. थांबतातच. पुढं गाणाऱ्यानं ओळीच्या शेवटी दम घ्यायचा आणि मागच्यांनी ती ओळ उचलायची, अशीच रीत आहे. झील धरणं म्हणतात. गावात मागं आठ-दहा गडी असतात. घरात कुठले गडी? पण मागून आवाज येतो, लांबून, भाकरीच्या थापांतून — "माळाला गं जी..."

बाईचा आवाज. माझा.

मी तीनदा ऐकलं. त्या सकाळचं मला पाणी आठवतं, तवा आठवतो, शिट्टी आठवते. हे तेवढं आठवत नव्हतं. रोज हे ओवी म्हणायचे, रोज मी चुलीपाशी झील धरायचे. श्वास घेतला हे कोण ध्यानात ठेवतं?

ऋतुजाला फोन केला. म्हटलं, "तू साफ केलंस म्हणजे नेमकं काय केलंस?"

"नॉईज काढला, आई. मागं काहीतरी चालू होतं सारखं. मला वाटलं, टीव्ही."

"टीव्ही नव्हे. मी होते."

"तू? तू गातेस?"

"गात नाही. झील धरते."

"मला कसं माहीत नाही गं?"

"तू शाळेला गेल्यावर म्हणायचे ते."

नॉईज काढायच्या पर्यायापुढची कुठली खूण काढायची ते तिनं सांगितलं. नाक ओढत सांगितलं.

१७ फेब्रुवारी, सोमवार

खूण काढली. आवाज जोडला गेला — कुकरची शिट्टी, भाकरीच्या थापा, आम्ही दोघं. भाऊजींना पाठवला.

१९ फेब्रुवारी, बुधवार

भाऊजींचा फोन. "वैनी, मागं कोण हाय?"

"मी."

"आवो, बिरोबाम्होरं आपल्यात कदी बाईमाणसाची झील लागली न्हाय. म्हातारी माणसं काय म्हणतील? तेवडं काढा की. जागा मोकळी ठेवा, झील आमी धरतो. लई झ्याक वाटंल."

वाईट माणूस नाही. बोलला तेही खोटं नाही. आणि मोकळ्या जागेचा व्हिडिओ माझ्याकडं तयारच आहे. एक खूण परत घालायची की झालं.

"उद्या सांगते," म्हटलं.

२० फेब्रुवारी, गुरुवार

दोन्ही लावून ऐकले. साफ केलेल्यात हे एकटे आहेत. थांबतात, आणि कुणासाठी थांबले ते कळत नाही.

भाऊजींना सांगितलं, "लावायची तर अशीच लावा. नाहीतर राहू द्या."

"वैनी, मग न्हाय लागायची वो ती."

"राहू द्या."

फोन ठेवला. ह्यांची ओवी मीच अडवली का? सासऱ्यांपासूनची! निंगव्वाला सांगावंसं वाटलं. तिच्या दाराला कुलूप होतं.

२३ फेब्रुवारी, रविवार

जत्रा. मी गेले नाही. माणसांत रडायचं नव्हतं. भाकरी केल्या, कुणाची ऑर्डर नसताना. दुपार गेली. फोन वाजला नाही.

दिवेलागणीला वाजला. मागं ढोलांचा आवाज, भाऊजी ओरडून बोलत होते. "लावली, वैनी! दादाबिगर सुरवातच हुईना, म्हणून हाय तशी लावली. दोघं-तिघं म्हातारे उठून गेले. बाकीचे बसले. आमी झील धरणारच हुतो, पर तुमचा आवाज आला आन् कुणाचं तोंडच उघडंना. गप ऐकलं सगळ्यांनी."

ढोलांत ऐकू येईना म्हणून मी फोन कानाशी दाबून धरला.

"दादाला जागराचीबी ओवी येत हुती. ती कुटंच भरलेली न्हाय. त्याच्यासंगं गेली बगा."

"जेवलात का?" एवढंच मी विचारलं.

२४ फेब्रुवारी, सोमवार

तवा उतरवून मोबाईल डब्याला टेकवला आणि जागराची ओवी म्हटली. पुढची बाजू मी म्हटली. दर ओळीच्या शेवटी थांबले, मागच्यांना उचलता येईल इतका वेळ.